नाथांची पालखी कंपनीच्या गेटावर

आमच्या भागात जमीन वर वाढते. तुमच्याकडे ऊस वाढत असेल, ज्वारी वाढत असेल. चाकणच्या पट्ट्यात मजले वाढतात. लातूरहून मी नवा नवा आलो तेव्हा सकाळी शिफ्टला जाताना एका वावरात म्हैस बांधलेली पाहिली. साडेतीनला परत आलो तर तिथं चार मजले उभे, खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी पाणीपुरीची गाडी, आणि तीच म्हैस तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून रवंथ करत माझ्याकडे बघत होती. म्हशीचं कुणी खरं मानत नाही. बाकीच्याला कुणी हरकत घेत नाही.

गावाचं नाव सांगत नाही. महाळुंग्याच्या आसपास कुठंतरी धरा. या हकिकतीतले दोन्ही म्हातारे अजून ठणठणीत आहेत आणि दोघांनाही वाचता येतं. मूळ गावकरी एका लग्नाच्या पंगतीत बसतील एवढे. आणि आम्ही बाहेरचे इतके, की सकाळी कंपनीच्या बसथांब्यावर अर्धा महाराष्ट्र आणि पाऊण भारत जांभया देत उभा असायचा.

आमचे घरमालक म्हणजे आबा. गोठा पाडून त्यांनी दहा खोल्यांची ओळ बांधली होती, आणि त्यातल्या शेवटच्या खोलीत आम्ही सहाजण राहायचो. मी, एक सिंधुदुर्गाचा, एक ओडिशाचा वेल्डर आणि तिघे नांदेडचे सख्खे भाऊ, जे तिघं मिळून दिवसाला पाच वाक्यं बोलायचे. माणसं सहा आणि गाद्या तीन. शिफ्टा फिरत्या असल्यानं भागायचं. तीन वर्षांत त्या गाद्या कधी थंड झाल्या नाहीत. हिवाळ्यात आम्हाला त्याचा फायदाच व्हायचा.

चैत्रातली भैरवनाथाची जत्रा होती. सकाळी आबा आमच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात. टोपी हातात घेतलेले आबा आम्ही तोवर पाहिले नव्हते.

"पोरांनो, सांच्याला मोकळं हायसा का?"

"काय काम आहे, आबा?"

"काम न्हाई. देव उचलायचाय."

सिंधुदुर्गाचा अंथरुणातून उठून बसला. "आबानु, कोणाचो?"

मग आबांनी उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. पालखीचा मान त्यांच्या घराण्याचा. आजा-पणजाच्या आधीपासूनचा. जत्रेला नाथांची पालखी देवळातून निघते, गावच्या शिवेपर्यंत जाते, तिथं नारळ फुटतो आणि पालखी परत येते. नियम तीन. खांदे मानकऱ्याच्या घरचे हवेत. पालखी एकदा खांद्यावर घेतली की देवळात परत येईस्तोवर खाली ठेवायची नाही. आणि देवळात दिवा लागायच्या आत देव आत हवा. यातला एक जरी मोडला तरी मान त्यांच्या चुलतभावाकडे, म्हणजे तात्यांकडे जाणार, आणि एकदा गेला की कायमचा.

"आणि तुमची मुलं?" मी विचारलं.

"येक वाकडात, येकोणिसाव्या मजल्यावर. त्याला मीटिंग हाय. दुसरा जर्मनीत. पुतणे तात्यानं आपल्याकडं वढल्यात." आबा टोपीकडे बघत बोलत होते. "माझ्या हातनं गेला तर वर जाऊन बापाला काय सांगू?"

नांदेडच्या थोरल्यानं त्या दिवसाचं पहिलं वाक्य खर्च केलं. "उचलू की."

दुपारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर आम्ही अंघोळी करून, नाइटला जाणाऱ्या दोघांना हलवून उठवून देवळात गेलो. तात्या दारातच उभे होते. तात्या म्हणजे आबांचीच मूर्ती, फक्त मिशी जास्त.

"हे घरचे खांदे?" ते ओरडले. "आरं, हे तर भाडोत्री!"

"माझ्या छपराखाली झोपत्यात," आबा म्हणाले. "माझ्या अंगणात दात घासत्यात. मंग कुणाच्या घरचे? तुझ्या?"

सगळ्यांनी गुरवाकडे पाहिलं. देवळाच्या बाबतीत गुरवाचा शब्द शेवटचा. गुरवानं डोकं खाजवलं, आम्हा सहांकडे पाहिलं, आणि घंटा वाजवली. म्हणजे मंजूर.

निघताना आबांनी मला रस्ता समजावला. "मारुतीपासनं सरळ. वडापाशी उजवीकडं वळा. वढा वलांडला का शीव. मी फुडं जाऊन नारळ घेऊन हुभा ऱ्हातो. ह्या गुडघ्यानं पालखीसंग चालणं हुयाचं न्हाई."

सोपं होतं. मारुती, वड, ओढा, शीव.

पालखी छोटी, पण चांदीच्या मुखवट्यासकट भारी. आम्ही उचलली, नगरकडून आणलेल्या हलगीवाल्यांनी हलगी कडाडवली, कुणीतरी "नाथसाहेबाच्या नावानं" म्हणून आरोळी दिली, आम्ही "चांगभलं" केलं, आणि निघालो. गावातली म्हातारी मंडळी मागून येत होती. पण आमची चाल त्यांना कुठली झेपायची? ती चाल पंचिंग मशीन गाठायची चाल. तीन वर्षं पाय तेवढंच शिकलेले. मारुतीपर्यंत म्हातारे दिसत होते, पुढं त्यांच्या टोप्या दिसत होत्या, आणि मग काहीच दिसत नव्हतं.

मारुती आला, गेला. आम्ही वड शोधत होतो.

"मेल्या, वड खंय आसा?" सिंधुदुर्गाचा मागून.

"पुढं असेल."

खरं म्हणजे वड पुढं नव्हता आणि मागंही नव्हता. तो रस्ता रुंद करताना तोडला होता, मी या गावात यायच्या कितीतरी आधी. त्या जागी झेरॉक्सचं दुकान होतं. पण गावातला माणूस अजून वडापाशी वळतो, वडापाशी भेटतो, पाहुण्याला फोनवर "वडापाशी उतरा" म्हणून सांगतो आणि पाहुणा बरोबर उतरतो. झाड गेल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण गावात ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं. आणि आम्ही भाबडे, खऱ्याखुऱ्या झाडाची वाट बघत चाललो. हलगीवाले आमच्या भरवशावर, आम्ही झाडाच्या.

जरा वेळानं ओडिशाचा म्हणाला, "भाई, ये रोड तो जाना-पहचाना लग रहा है."

लागणारच. वर पाहिलं तर समोर आमच्या कंपनीचं गेट. गावातून निघून डोकं दुसरीकडे असलं की आमचे पाय तिथंच जातात. त्यांना दुसरा रस्ताच ठाऊक नव्हता. आम्ही नाथांना कामावर घेऊन आलो होतो.

गेटावरचा गार्ड नवा होता, उत्तर प्रदेशातल्या बलियाचा, नियमाचा पक्का. हलगी थांबल्यावर तो शांतपणे बाहेर आला, मुखवट्यासमोर हात जोडले, आणि मग वही पुढं केली.

"एंट्री."

"अहो, आम्हाला आत नाही जायचं! रस्ता चुकलो."

"गेट तक आए हैं तो एंट्री होगी."

माझा एक हात मोकळा होता. नाव: भैरवनाथ. कुठून आले: देऊळ. कुणाला भेटायचं: इथं मी अडलो, तर गार्डनंच 'एचआर' लिहिलं. कारण: रस्ता चुकला. मग त्यानं व्हिजिटरचा बिल्ला काढला आणि पालखीच्या गोंड्याला अदबीनं अडकवला. मी त्याला नावं ठेवणार नाही. इतक्या वर्षांत त्या गेटावर इतक्या मानानं नोंद झालेला दुसरा पाहुणा माझ्या पाहण्यात नाही.

पण सूर्य पार खाली आला होता. आबा शिवेवर एकटे नारळ घेऊन उभे. दिवा लागायला फार तर अर्धा तास. चालत शीव आणि शिवेवरून देऊळ म्हणजे नाथ स्वतः उतरून धावले असते तरी पोचले नसते. "माझ्यामुळं गेला म्हाताऱ्याचा मान," मी म्हणालो.  खांदे एकदम जड झाले.

तेवढ्यात जनरल शिफ्टची बस गेटातून बाहेर आली. ड्रायव्हर परभणीचा, मुसलमान, आमच्या रोजच्या ओळखीचा. त्यानं खिडकीतून मान काढली.

"काय भाऊ, देवाला घेऊन ओव्हरटाइमला आलाव का?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. तो खाली उतरला, मागं गेला, आणि संकटकाळचं मागचं दार उघडलं.

"घाला आत."

"भाऊ, खांद्यावरून उतरवायची नाही."

"मला काय सांगायलाव? आमच्या गावात मोहरमची सवारी असती. मी लहानपणापासून धरलीय. उभं राहून घ्या, मधल्या वाटेत, एकामागं एक. चला, चला!"

पुढं जे झालं ते सर्कशीत दाखवायच्या लायकीचं होतं. आधी नांदेडचे दोघे वर चढले, दांडीचं टोक त्यांच्या खांद्यावर गेलं, मग आमचं, मग मागच्यांचं. एका क्षणाला नाथ फक्त सिंधुदुर्गवाल्याच्या उजव्या खांद्यावर होते आणि तो मालवणीत जे काही म्हणत होता ते प्रार्थनेत बसणारं नव्हतं. पण पालखी कुठंही टेकली नाही. बसमधल्या जनरल शिफ्टवाल्यांनी पाय वर घेतले, डबे मांडीवर घेतले, दोन्ही बाजूंनी आम्हाला धरलं. कुणीतरी नाथांसाठी खिडकी उघडली. हलगीवाले टपावर चढले. आणि बस सुटली. मी विमानात बसलेलो नाही, पण विमान त्याहून हळू जात असावं.

शिवेवर आबा दिसले. ओढ्याच्या पलीकडे, एका दगडाशेजारी, नारळ छातीशी धरून. आम्ही ज्या बाजूनं यायला हवं होतं त्या वाटेकडे ते बघत होते. पाठमोरेच. बस त्यांच्या मागं येऊन थांबली आणि टपावरची हलगी कडाडली तेव्हा म्हातारा हातभर उडाला.

"आबा, फोडा नारळ!" मी आतून ओरडलो.

आबांनी बसकडे पाहिलं. खिडकीतून बाहेर बघणाऱ्या नाथांकडे पाहिलं. एक शिवी दिली, जी मी इथं लिहीत नाही, आणि दगडावर नारळ फोडला. मग ड्रायव्हरनं त्यांना काखेत धरून वर घेतलं. आबांनी दांडीला हात लावला आणि एवढंच विचारलं, "दिवा लागला का?"

देवळापुढं तात्या मिशीवर हात फिरवत उभे होते. आत गुरव काडेपेटी घेऊन बसला होता. नंतर लोकांनी सांगितलं की त्याच्या पायाशी काड्यांचा ढीग पडला होता. एकही पेटेना म्हणे. चैत्रात काड्या दमट कशा झाल्या, हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही. बसचा हॉर्न वाजला, आम्ही मागच्या दारानं खांद्याखांद्यानं उतरलो, देव गाभाऱ्यात गेला, आणि पुढच्याच काडीला ज्योत धरली.

"थांबा!" तात्या गरजले. "गाडीतनं आला देव! मान मोडला!"

"खांद्यावरच हुता," आबा म्हणाले. "खांदेकरी गाडीत हुते."

"आन् ह्यो बिल्ला कसला? देव कंपनीत गेलता का कामाला?"

सगळं देऊळ त्या बिल्ल्याकडे बघायला लागलं. गुरवानं तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग मला विचारलं, "देव भुईला टेकला?"

"नाही."

"शीव गाठली? नारळ फुटला?"

"फुटला की," ड्रायव्हर दारातून म्हणाला. "मी साक्षी हाय."

"मग खांद्याखाली चाकं हुती का चपला, त्याचं नाथाला काय?" गुरव म्हणाला आणि घंटा वाजवली. बिल्ला त्यानं ताटात ठेवला, हळदीकुंकवाशेजारी.

 आबांनी टोपी घातली, नीट केली, परत काढून परत घातली. मानाच्या नारळाचं खोबरं मानकऱ्यानं आधी खायचं असतं. त्यांनी ते फोडून फोडून सात तुकडे केले. सातवा ड्रायव्हरचा. आपल्यासाठी ठेवायला विसरले.

तात्या चार दिवस आबांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आमच्या खोलीच्या दारात.

"काय उकडतंय रं हितं," ते आत डोकावून म्हणाले. "खिडकी न्हाई का ह्या खोलीला? माझ्याकडं वरल्या मजल्यावर दोन खोल्या मोकळ्या हायेत. वारं बघा येऊन, वारं. तुमी सहाजण एकत्रच ऱ्हावा."

"तात्या, पालखीसाठी म्हणताय का?" मी विचारलं.

"पालखीचं नाव काढलं का मी? वाऱ्याचं बोलतोय."

आम्ही वारं बघायला गेलो. वारं खरंच फार छान होतं. तात्यांच्या घरचे कांदेपोहेही छान होते, आणि वर चहा झाला. ओडिशाच्यानं दोनदा पोहे घेतले. ओट्यावर बसलेल्या आबांनी आम्हाला तिकडे जाताना पाहिलं आणि येतानाही पाहिलं. 

दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून आलो तर खोलीत गवंडी. मागच्या भिंतीला हातोडा चालू, गाद्यांवर वीटभर धूळ, आणि आबा मधोमध उभे राहून हुकूम सोडतायत.

"आणखी पाड. आणखी. मोठी काढ."

"आबा, अजून मोठी केली तर दार होईल," गवंडी म्हणाला.

"हुं दे," आबा म्हणाले आणि आमच्याकडे वळले. "हुभं ऱ्हावा रं तिथं सहाजण. लागतंय का वारं? खांद्याला लागतंय का बघा."