शंभर टक्के हजेरी

खिळेकाकाला सरळ अक्षरापेक्षा उलटं अक्षर लवकर वाचता यायचं. कुडाळच्या एका छापखान्यात त्याने वीस वर्षं खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवली होती, आणि खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं असतं. छातीचं दुखणं लागलं तशी मालकाने त्याला घरी पाठवलं. येताना त्याने मूठभर झिजलेले खिळे आणि वाया गेलेल्या पत्रकांचे गठ्ठे मागून आणले.

त्याच वर्षी पहिलीच्या पटावरून माझं नाव दुसऱ्यांदा कमी झालं. शाळा खाडीपलीकडे. पाणी चढलं की होडी बंद, होडी बंद की मी गैरहजर. गरिबाच्या पोरीची गैरहजेरी वहीत बरोबर मोजली जाते. पूल न बांधणाऱ्यांची हजेरी कोण घेतं? आई रडत बसली. काकाने पाटी पुसली आणि म्हणाला, "शाळेन तुका काढूक नाय गो. आपण शाळेक काढलंव."

पहिला धडा त्याने खिळ्यांवरूनच दिला. आठवडाभराने मी पाटीवर 'मालवण' लिहिलं, ते सगळं उलटं! आईने कपाळाला हात लावला. "चूक माजी," काका हसत म्हणाला, "जा, आरसो घेवन ये." पुढे कितीतरी दिवस मी पाटीसमोर आरसा धरून अक्षरं सरळ करत होते.

वह्यापुस्तकं विकत घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. पत्रकाची कोरी बाजू ही माझी वही, छापील बाजू हे वाचनपुस्तक. वरच्या वर्गांची पुस्तकं काका लोकांचे अर्ज लिहून देऊन त्या बदल्यात मिळवायचा. कविता पाठ होण्याआधी मला 'मतदार बंधू-भगिनींनो' पाठ होतं. प्रत्येक पत्रक वाचून झालं की तो विचारायचा, "ह्यात खोटा खंय आसा, सांग." एकात होतं, 'खाडीवर पूल होणारच.' मी बराच वेळ शोधत राहिले. त्याने 'च'वर बोट ठेवलं. "सगळा खोटा ह्या 'च'त आसा." तेव्हापासून कुणाचाही 'च' ऐकला की माझं डोकं तापतं.

शेजारचा आबा येता-जाता टोमणा मारायचा, "काय रे, शाळा भरली मां?"

"भरली. शंभर टक्के हजेरी आसा!"

आबा हसायचा, काकाही हसायचा. मला मात्र हसू यायचं नाही. पावसाळ्यात पलीकडे नातेवाइकांकडे राहून शाळा करणाऱ्या पोरांचा कलकलाट उन्हाळ्यात संध्याकाळी होडीतून अलीकडे यायचा. त्यांच्या भांडणांतली, मास्तरांना ठेवलेल्या नावांतली एकही गोष्ट मला कळायची नाही. मी माडाखाली उभी राहून ऐकायचे आणि ती पोरं माझ्या बाजूने निघून जायची. अशा वेळी काका विचारायचा, "कंटाळो येता काय गो?" मी ठरल्यासारखं "नाय" म्हणायचे.

एकदा तो आईला सांगत होता. मी दाराआड होते. "वयनी, माका एकच भ्या आसा. ह्या चेडवाक मी शिकयतंय, पण एकटा पाडलंय." पुढचं खोकल्यात गेलं.

सतरा नंबरचा अर्ज भरून मी बाहेरून दहावीला बसले. केंद्र कुडाळला होतं. मराठीच्या पेपरात निबंधाला विषय होता, 'माझा जिवलग मित्र'. दुसरेही विषय होते. पण हात आपोआप त्याच विषयाकडे गेला. पन्नाशीचा, खोकणारा, शिशाने बोटं काळी पडलेला मित्र मी तीन पानं लिहिला. घंटा झाली तेव्हा अजून सांगायचं उरलं होतं.

काका फाटकाशी उभा होता. "निबंध खयचो घेतलंस?"

खरं सांगितलं असतं तर मला दुसरं कुणीच नव्हतं, हे त्याला त्याच क्षणी कळलं असतं. मी म्हटलं, "माझा गाव."

"बरो विषय," तो म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

मी पास झाले, शिकायला कुडाळला राहिले. दोन वर्षांनी काका गेला. माझा जिवलग मित्र कोण, हे कुठल्याशा गावातल्या एका अनोळखी परीक्षकाने वाचलं. काकाला मी ते सांगितलं नाही.