घडीच्या टेबलाचे स्क्रू

मालिशचा कोर्स पूर्ण केल्यावर मी बायकांच्या घरी जाऊन काम करायला लागले. सतरंजीवर झोपवून मालिश करायला मला कमीपणा वाटायचा. कोल्हापुरात मालिश म्हटलं की लोकांना पैलवानांची तालीमच आठवते. मला मात्र कोर्सचं सर्टिफिकेट असलेली बाई म्हणून दिसायचं होतं. म्हणून मोपेडवर बांधून नेता येईल असं घडीचं टेबल मी गच्चीवर स्वतःच बनवायला घेतलं. प्लायवूड, चार इंची फोम, निळं रेक्झिन, बिजागऱ्या, आणि समोर मोबाईलवर व्हिडिओ.

शेजारचे मिस्त्री काका एकदा येऊन बघून गेले. म्हणाले, "पोरी, प्लायच्या कडंला स्क्रू धरत न्हाय. आरपार नट-बोल्ट मार की."

मी हो म्हटलं आणि स्क्रूच मारले. नट-बोल्ट वरून दिसले असते. मला रेक्झिन सपाट हवं होतं.

घरी मी त्यावर झोपून बघितलं, धाकट्या बहिणीला झोपवलं. टेबल हललं नाही. दुसऱ्याच दिवशी कागलला गेले. तिथं शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, अंगानं स्थूल, गुडघ्यांनी बेजार. त्या टेबलावर चढताना लाजत होत्या. "मोडणार नाही ना गं?" त्यांनी विचारलं. मी हसून म्हटलं, "बाई, निवांत झोपा."

त्या कुशीवर वळल्या आणि बिजागरी उखडली. टेबल मधोमध दुमडलं, बाई कोपरावर आपटल्या. त्यांची सून धावत आली. आम्ही दोघींनी त्यांना उठवून खुर्चीत बसवलं. कोपर सोललं होतं.

सून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "टेबल शंभर किलोपर्यंतच वजन पेलतं. बाईंचं वजन त्याहून जास्त असणार."

शंभर हा आकडा मला तेव्हाच सुचला होता. टेबल किती पेलतं ते मी कधी तपासलं नव्हतं, बाईंनाही वजन विचारलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "माझंच चुकलं. मी आधीच सांगायला हवं होतं. तुझं नवं टेबल मोडलं माझ्यामुळं." पदर सावरत त्या खाली बघत राहिल्या. मी "असू दे" म्हटलं. हो, मी त्यांना माफ केलं.

घरी येऊन बघितलं तर चारही स्क्रू भुशासकट बाहेर आले होते. मिस्त्री काकांनी ड्रिल आणलं आणि आम्ही नट-बोल्ट बसवले. टेबल पक्कं झालं, नवी गिऱ्हाइकं आली. बाईंना फोन करायचं मी रोज उद्यावर ढकलत होते.

दीडेक महिन्यानं त्यांची सून भाजी मंडईत भेटली. म्हणाली, "सासूबाईंनी रात्रीची भाकरी सोडलीया. शुगर हाय, चक्कर येतीया, पण ऐकत न्हाईत. म्हणत्यात, लोकांची टेबलं मोडाय लागली माझ्यानं."

तिला तिथंच खरं सांगायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी कागलला गेले आणि बाईंच्या समोर बसून सगळं सांगितलं. स्क्रूचं, मिस्त्री काकांचं, शंभर किलोंचं.

माझं संपल्यावर बाई म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी मी तुझी माफी मागितली, आणि तू ती मागू दिलीस."

"होय, बाई."

"चूक होते गं. वर्गात रोज बघितलंय मी. पण गप्प बसून दुसऱ्याला खाली मान घालायला लावणं, हे तू का केलंस?"

सुनेनं चहा आणून ठेवला. तिनंही सगळं ऐकलं होतं. मी तो चहा कसाबसा संपवला आणि उठले.

बाईंनी मला परत बोलावलं नाही. रात्रीची भाकरी सुरू झाल्याचं सुनेनं फोनवर सांगितलं, तेही मी दोनदा विचारल्यावर. कागलात माझी आता दोन-तीन घरं आहेत. त्यातल्या एका घराची वाट बाईंच्या दारावरून जाते. मी टेबल घेऊन लांबच्या रस्त्यानं जाते.