कोंडलेलं पाइन

सासरे हॅमिल्टनला आले ते सासूबाई गेल्यानंतरच्या दिवाळीत. चिपळूणजवळच्या घराला कुलूप लावून आले आणि किल्ली स्वतःच्या बॅगेत ठेवली. "हिवाळा काढून बघतो," एवढंच म्हणाले. इकडे ऋतू उलटे, हिवाळा जूनमध्ये येतो. आम्हा दोघांना अर्थ कळला. जमलं तर राहतील, नाहीतर त्या घरात एकटे परत जातील. परतीचं तिकीट बदलता येण्यासारखं होतं.

मला घरात कामं वाटलेली लागतात. आमच्या फ्रिजवर कोणी काय करायचं त्याची यादी असते, आणि बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नावापुढे काय लिहावं ते मला सुचत नव्हतं. पाहुण्याला काम नसतं. मला ते पाहुणे नको होते. भाजी चिरून दोन दिवसांत कंटाळले. तेवढ्यात ट्रेलरभर ओलं पाइनचं लाकूड आलं. इकडे पाइन सगळीकडे, म्हणून स्वस्त. उन्हाळ्याच्या तोंडाशी ओलं घ्यायचं, वाळवायचं आणि जून आला की हॉलमधल्या काचेच्या दाराच्या शेगडीत जाळायचं. मी यादीत लिहिलं: लाकडं, बाबा.

त्यांनी कुंपणाला टेकवून अशी थप्पी रचली की येणारा-जाणारा थांबून बघे. राळेनं बोटं चिकट व्हायची, ती ते खोबरेल तेल लावून पुसत. मग त्यांनी नवऱ्याकडून ताडपत्री मागवली आणि गावी पावसाळ्याआधी झाकतात तशी ती थप्पी चारी बाजूंनी गुंडाळली, कडा विटांनी दाबल्या. इथे पाऊस कधीही येतो, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. नवरा त्याच गावात वाढलेला; त्यालाही ते चोख वाटलं. मी यादीवर बरोबरची खूण केली.

जूनमध्ये ताडपत्री काढली तर आतून पाणी गळत होतं. लाकडांवर बुरशी. शेगडीत टाकलं की टोकांना फेस यायचा, सूं सूं आवाज व्हायचा, काच काळी पडायची आणि घर होतं तेवढंच गार राहायचं. आमच्या मुलीला मराठी कळतं, बोलते इंग्रजीत. ब्लँकेट गुंडाळून ती म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट स्मोक." तिच्या मनात काही नव्हतं. नवरा म्हणाला, विजेवरचा हीटपंप आहे की, तो लावू. तेही खरंच होतं, आणि त्यामुळेच बाबांना लागलं असणार. जेवताना बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकिटाची तारीख अलीकडची मिळेल का.

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीला गाठलं. तिचं आयुष्य डेअरी फार्मवर गेलेलं. तिनं ती गुंडाळलेली थप्पी उन्हाळाभर पाहिली होती, पण आमच्याकडची काही पद्धत असेल म्हणून बोलली नव्हती. मी तिला म्हटलं, मला नको सांगू, त्यांना सांग. कुंपणापाशी ती बोलत गेली, मी मराठीत सांगत गेले. ओल्या पाइनला वारा मिळावा लागतो. झाकायचं ते फक्त वरून. आणि अजून काही बिघडलेलं नाही, बारीक फोडलं तर पाइन लवकर वाळतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्याकडे लाकूड झाकतो तेव्हा ते वाळलेलंच असतं गं. हे ओलं होतं. मी ओल्यालाच कोंडलं."

शेजारणीला हे सांगितल्यावर ती हसली आणि तिच्याकडच्या कोरड्या लाकडांची एक ढकलगाडी भरून दिली. तेवढ्यावर आणि हीटपंपावर थंडीचे पहिले आठवडे निघाले. तिकिटाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. ते रोज दुपारी कारपोर्टमध्ये, गाडीच्या छपराखाली, नवऱ्याचं जुनं जॅकेट आणि मोज्यांवर सँडल्स घालून, एकेक ओंडका मनगटाएवढा बारीक करत. फोडलेलं लाकूड फटी ठेवून रचत. मधूनच दोन तुकडे एकमेकांवर आपटून, वाळलं का ते ऐकत. बरेच दिवस नुसता थप्प आवाज येई.

ऑगस्टमध्ये एकदा मी पोळ्या लाटत असताना ते दोन तुकडे घेऊन ओट्याशी आले आणि माझ्या कानाशी वाजवले. खणखणीत आवाज आला. त्या संध्याकाळी शेगडी पहिल्या काडीला पेटली. पाइन भराभर जळतं, सारखं घालावं लागतं. ते शेगडीपुढून उठलेच नाहीत. मुलगी त्यांच्या शेजारी पाय शेकत बसली आणि दर वेळी पुढचा तुकडा त्यांच्या हातात देत राहिली.

सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "पुढच्या हिवाळ्याचं लाकूड कधी सांगायचं? उन्हाळा फुकट जायला नको."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कप ठेवून लगेच लाकूडवाल्याला लावायला फोन उचलला. तोवर बाबा बाहेर गेले होते. कुंपणापासून हातभर पुढे, मागून वारा जाईल अशी जागा सोडून, ते विटा मांडत होते. ताडपत्री त्यांनी गवतावर पसरली होती आणि फक्त वरून झाकण्यापुरती कापायला माझी कात्री मागत होते.