चिसोमोच्या खिशातला कांदा

मी मुळात कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्याकडे किस्से फार साठतात. त्यातून माझी नोकरी चंद्रपूरच्या एका कॉलेजात, परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात. कक्ष म्हणजे एक टेबल, एक कूलर, मी आणि शिपाई श्यामरावभाऊ. परदेशी विद्यार्थी सध्या एकच, मलावीची चिसोमो. मत्स्यशास्त्र शिकायला स्कॉलरशिपवर आलेली. तिथल्या सरोवराकाठच्या मासेमाराची मुलगी; तिच्या गावातून कॉलेजात पोचलेली पहिलीच. अट एवढीच की विषय सुटले पाहिजेत, नाहीतर स्कॉलरशिप बंद आणि परत घरी. पहिल्याच सेमिस्टरला हिचे दोन विषय गेले.

*

एप्रिलात तिला ऊन लागलं. "आफ्रिकेची पोरगी, तिले काय ऊन लागते!" असं म्हणणारे श्यामरावभाऊच मग सलाइनपाशी बसून होते. ती बरी झाल्यावर त्यांनी तिच्या खिशात कांदा ठेवला. आपल्याकडे उन्हात निघताना ठेवतातच. रोज ठेवायचा, हे बजावलं. कशासाठी, ते सांगायचं राहिलं.

पुढे परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरवायझरने ओळखपत्र मागितलं. हिने बाकावर ओळखपत्र ठेवलं आणि शेजारी कांदा.

सुपरवायझर चंद्रपूरचेच. त्यांनी दोन्ही नीट पाहून परत केलं.

*

मे महिन्यात माझं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मला काही केल्या रडू येईना. माझ्या वाट्याचंही चिसोमो रडली, मांडवाचा खांब धरून. माझ्या चुलतसासूने श्यामरावभाऊंना हळूच विचारलं, "यातली नवरी कोनती आहे, भाऊ?"

ती स्वतःच्या आईसाठी रडत होती, हे मला नंतर कळलं. तरी त्या रडण्याचे उपकार मी विसरलेले नाही.

*

वर्गात ही तोंड उघडत नसे. मत्स्यशास्त्राच्या सरांचं मत झालं होतं की हिला काहीच येत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रॅक्टिकलसाठी वर्गासोबत मीही मूल गावाकडच्या एका तलावावर गेले, तर काठावर ढिवर मासेमारांच्या बाया फाटकं जाळं दुरुस्त करत बसलेल्या. चिसोमो कोणाला न विचारता त्यांच्यात जाऊन बसली आणि जाळ्याचं दुसरं टोक मांडीवर ओढून विणायला लागली. त्यातल्या म्हाताऱ्या गिरजाबाईंनी तिची गाठ ओढून पाहिली, मग सरांकडे पाहिलं.

"इले काय शिकवून राह्यले, सर, तुमी?"

दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटल्यावर सर तासभर थांबायला लागले, फक्त तिच्यासाठी.

*

त्या मेहनतीने पुरवणी परीक्षेत दोनपैकी एक विषय सुटला. दुसरा पुन्हा गेला. हिवाळी परीक्षा ही शेवटची संधी, आणि मध्ये दिवाळी. हॉस्टेल रिकामं व्हायला लागलं, पोरींचे आईबाप येऊन त्यांना घेऊन गेले. चिसोमो अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आली. स्कॉलरशिप सोडते, घरी जाते. "सगळ्यांना न्यायला कोणीतरी आलं," एवढंच म्हणाली. अर्जावर शिक्का मारून पुढे पाठवणं माझं काम. शिक्का हातात होता, उमटत नव्हता.

तेवढ्यात दारात माझे बाबा. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणून मला न्यायला मुलचेऱ्याहून एसटीने आलेले. कागद कसला, त्यांनी विचारलं. ही शिक्षण सोडून घरी चालली, मी सांगितलं. बाबांनी चहा संपवला.

"तुले न्याले कोन आला, माय?"

मी तिला इंग्रजीत सांगितलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"मंग कशी जाशीन? कोनी न्याले आल्याबिगर पोरगी जात नसते."

तेही मी सांगितलं. चिसोमोने टेबलावरचा अर्ज उचलला, त्याची घडी केली आणि बॅग भरायला हॉस्टेलवर गेली.

मुलीला नेणाऱ्याची सही घ्यायला वॉर्डनबाईंनी रजिस्टर पुढे केलं. नात्याच्या रकान्यात बाबांनी लिहिलं, 'बाप'. बाई म्हणाल्या, "भाऊ, ही आफ्रिकेची आहे."

"हो ना," बाबा म्हणाले. "खूप दूर देल्ली पोरगी. तिकडून कोन येनार दरखेपी, म्हनून मीच आलो."