काळ्या वडीचे कारण

१७ जानेवारी २०२४, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. मोताळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी द्रवरूप नायट्रोजन मागण्यास गेलो. कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या गोठवून ठेवण्यासाठी तो तेथे असतो. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक. महाविद्यालयाने बारावीला अतिवाहकाचा, म्हणजे थंडीत विद्युतरोध गमावणाऱ्या पदार्थाचा, प्रयोग दाखवण्यास बोलावले होते.

दवाखान्याचा डॉक्टर माझा जुना विद्यार्थी निघाला. माझ्या हातातील प्रयोगाची वडी पाहून म्हणाला, "सर, या काळ्या वडीपायी तुमी मले भोपळा देल्ला होता."

मला आठवत नव्हते. तांबेयुक्त ऑक्साइडच्या वडीतील विद्युतरोध थंडीत नाहीसा का होतो, असा प्रश्न मी चाचणीत घातला होता. अणूंच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात, हे माझ्या नोट्समधील उत्तर. त्याने लिहिले होते : कारण अद्याप कोणाला ठाऊक नाही.

"मासिकात वाचलं होतं. दाखवाले आणलं बी होतं. तुमी म्हणले, बस खाली."

"म्हटले असेन."

"त्या दिवसापासून म्या वर्गात प्रश्न विचारला नाही. घावलं काय कारण आता?"

शिसे, पारा यांना माझे उत्तर लागू होते. तेच मी तांबेयुक्त ऑक्साइडला लावले; वर्गासमोर 'ठाऊक नाही' म्हणण्याची आम्हा शिक्षकांत रीत नव्हती. जोड्या जुळतात हे खरे. त्या कशाने जुळतात, यावर आजही एकमत नाही. अनेकांचा संशय तांब्यातील इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वावर आहे.

"नाही," मी म्हणालो. "चूक माझी होती."

त्याने थर्मास भरून दिला. "झाकण घट्ट नका लावू, सर. फुटते."

महाविद्यालयाच्या वर्गात नायट्रोजनने गार केलेल्या वडीवर चुंबक तरंगला. एका मुलीने विचारले, "तारेत करंट अडते, मंग वडीत काऊन नाही?"

"इलेक्ट्रॉनांच्या जोड्या होतात म्हणून. त्या कशाने होतात, ते मला ठाऊक नाही. इतरांनाही नाही."

मागून आवाज आला, "सरलेच माहीत नाही बे!" हशा पिकला. मी तो थांबवला नाही.

"पण तुमच्या नोट्सात तं लिहेल हाय," मुलगी म्हणाली. हातात झेरॉक्स होती. अक्षर माझे. स्टँडजवळच्या दुकानात अजून मिळते, असे कळले.

मी दुकानात गेलो. मूळ प्रत मागितली, तो परिच्छेद खोडला आणि समासात लिहिले : कारण अद्याप सिद्ध नाही. रेघ झेरॉक्समध्ये स्पष्ट उमटते की नाही, ते एक प्रत काढून पाहिले.