एका घुमटाची मापं

जुन्नरकडच्या एका जुन्या कबरीच्या घुमटाची मापं आम्ही दोघं तीन वर्षं घेतोय. मी आर्किटेक्चरचा निवृत्त प्राध्यापक, कांबळे निवृत्त इंजिनिअर. त्या मापांवरून काढायचं चित्र काही पुरं होत नाही, किस्से मात्र साठत जातात. आता पुण्यात प्रदर्शन ठरलंय आणि चित्राखाली माझी सही असणार. त्यात कुणी एक जरी चूक दाखवली तर? या विचाराने मला हल्ली जेवण जात नाही.

*

एकाच दाराची रुंदी मी तीनदा मोजली. आकडे तीन आले. टेपचं दुसरं टोक धरलेले कांबळे म्हणाले, "प्रोफेसर, दगड चारशे वर्षं हललेला नाही. हलताय तुम्ही."

*

सदाशिव पेठेतल्या एक बाई तिथे भेटल्या. मी त्यांना समजावू लागलो. खोली चौकोनी, घुमट गोल. म्हणून कोपऱ्यांवर कमानी टाकून आधी अष्टकोन करायचा, मग त्यावर घुमट बसवायचा. वीस मिनिटं गेली.

"कळलं का?" मी विचारलं.

"कळलं हो. तुम्ही सांगायच्या आधी जरा जास्त कळलं होतं."

*

दारावरचा अरबी लेख मी नक्षीसारखा उतरवला. लिपी मला येत नाही. तिथली देखभाल करणारे चाचा कागद बराच वेळ न्याहाळत होते.

"फार सुंदर झालंय, साहेब. फक्त वाचता येत नाही."

मग शेजारी बसून त्यांनी माझ्याकडून एकेक अक्षर गिरवून घेतलं.

*

आमच्या कामात एक सोय असते. इमारत दोन्ही बाजूंना सारखी असली, की अर्धीच मोजायची आणि उरलेली कॉम्प्युटरवर उलटवून जोडायची. मीही तेच केलं होतं. छपाईच्या दोन दिवस आधी शंका आली. कांबळ्यांना शिवाजीनगरहून एसटीत बसवून पुन्हा घुमटावर नेलं.

"लग्न ठरवताना एवढी चौकशी केली होती का?" त्यांनी वाटेत विचारलं.

डाव्या कमानीवर गिलाव्यात कोरलेली फुलं आठ पाकळ्यांची. उजवीकडेही तशीच. फक्त अगदी शेवटच्या फुलाला सात. चष्मा पुसून पाच वेळा मोजल्या. सातच! घरी येऊन तेवढं फूल मी हाताने नव्याने काढलं.

प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी एक विद्यार्थिनी चित्रासमोर थांबली. बोट फिरवत पाकळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"सर, इथे चूक झालीय."

कांबळे माझ्याकडे बघू लागले. अशा वेळी मी आयुष्यभर आधी माफी मागत आलोय.

"झालीय," मी म्हणालो. "पण माझी नाही."