सत्त्याण्णव टक्क्यांतली पेइरोंग

दर सप्टेंबरला आमच्या विभागात नवी मुलं येतात, तेव्हा प्रमुख सर पडद्यावर एक रंगीत गोल दाखवतात. वैद्यकीय प्रतिमाशास्त्राच्या एम.एस्सी.ला कोण येतं आणि शिकून कुठं जातं, ते सगळं त्या गोलात. दहांत सहा मुली. दहांत चार जण आधीच इस्पितळात एक्स-रे, सीटी काढणारे, म्हणजे आठवड्याचे दोन दिवस वर्गात आणि बाकीचे ड्यूटीवर. एखाददुसरा व्हिएतनामचा. आणि खाली ठळक अक्षरांत, नोकरीला लागलेले: सत्त्याण्णव टक्के. मुलं खूश, आईबाप त्याहून खूश. तो गोल मी काढते. काओश्युंगच्या विद्यापीठातल्या या कचेरीत मला सव्वीस वर्षं झाली. मुलं मला यो ताई म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

सरकारचा नियम असा की पास होऊन गेलेल्याला पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी फोन करायचा. नोकरी आहे का? शिकलात त्यातलीच आहे का? एक ते पाचात किती समाधानी? ऐकायला सोपं वाटतं. पण अनोळखी नंबर दिसला की आमच्याकडे कुणी फोन उचलत नाही. उचलला तर मला फसवणूक करणाऱ्या टोळीतली समजतात. एकानं तर पोलिसांची धमकी दिली. अरे मेल्या, तुझ्या पदवीवर शिक्का मी मारलाय!

लान पेइरोंग मात्र पहिल्या घंटीला उचलायची.

ती पिंगतुंगकडची. आईबापांचं सकाळच्या न्याहारीचं दुकान, अंड्याच्या पोळ्या आणि सोयाबीनचं दूध. पोरगी मोठ्या इस्पितळात सीटीच्या खोलीत लागली तेव्हा आईनं गल्लीभर सांगितलं. खोली तळघरात, खिडकी नाही. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं, त्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं. त्याची तारीख उलटायच्या आत बदलायचं काम पेइरोंगचंच. यंत्रातल्या सूचना म्हाताऱ्यांना कळत नाहीत म्हणून तिनं आपल्या गावच्या बोलीत, स्वतःच्या आवाजात त्या भरल्या होत्या: आजी, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. दिवसाला ऐंशी माणसं. ऐंशी वेळा तिचाच आवाज तिच्याच कानावर.

त्यातून सुटायचं म्हणून ती आमच्याकडे आली, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "यो ताई, मी चित्रं काढायला नाही, चित्रं सुधारायला शिकणार." आणि शिकलीही. कमी किरणांत काढलेलं धुरकट चित्र स्वच्छ करण्याची रीत तिनं बसवली, तर आमचे प्राध्यापक, जे स्वतःच्या बायकोचं कौतुक करत नाहीत, ते म्हणाले, "हिला शिंजूतले यंत्रं बनवणारे कंपनीवाले उचलतील."

पण इस्पितळानं दोन दिवस सोडलं ते फुकट नव्हे. पदवीनंतर चार वर्षं इथंच, असं लिहून घेतलं. ती रजा मिळवून दिली ओयांगनं, तिच्या खात्याच्या मुख्यानं. ओयांग आमचाच जुना विद्यार्थी, आणि त्यातून सतरा नंबरचा.

सतरा नंबरचं असं आहे. आमच्याकडे हजेरीपटावर ज्या नंबरावर तुम्ही येता, तोच नंबर आधीच्या वर्षी ज्याचा होता तो तुमचा दादा किंवा ताई. त्यानं तुम्हाला जुन्या वह्या द्यायच्या, जेवू घालायचं, अडीअडचणीला धावायचं. आणि तुम्ही पुढच्याला. कुठं कागदावर नाही, पण मोडून बघा! मध्ये कितीही वर्षं गेली तरी हे नातं तुटत नाही. ओयांग सतरा, पेइरोंग सतरा.

पहिल्या वर्षी फोन केला.

"नोकरी?"

"तीच."

"शिकलात त्यातलीच?"

"यंत्र तेच आहे ताई, तेव्हा त्यातलीच म्हणायची."

"समाधान?"

"दोन." मग हसून म्हणाली, "तीन वर्षं राहिलीत. ढकलीन."

मी चार लिहिलं. का लिहिलं? सरासरी साडेतीनच्या खाली गेली की वरून खरमरीत पत्र येतं, प्रमुख सर माझ्यावर डाफरतात, आणि सगळ्याच कचेऱ्यांत असंच चालतं. तिसऱ्या वर्षीही ती दोनच म्हणाली आणि मी चारच लिहिलं. वर सरांना भिंतीवर लावायला एका माजी विद्यार्थिनीचे दोन शब्द हवे होते. पेइरोंगला वेळ नव्हता, "तुम्हीच लिहा हो काहीतरी," म्हणाली. मी लिहिलं: 'इथं शिकलेलं मला रोज उपयोगी पडतं. मी माझ्या कामात सुखी आहे.' खाली तिचा फोटो. चांगला आला होता.

चौथ्या वर्षी, बांधलेली मुदत संपायला महिना असताना, ती कचेरीत आली. पदवीच्या प्रमाणपत्राची नक्कल हवी होती. मी विचारायच्या आधीच तिनं दार लावून घेतलं.

"यो ताई, शिंजूचं झालं. एक तारखेला हजर व्हायचंय."

मी तिचे दोन्ही हात धरले. खरं सांगते, माझ्या पोटच्या पोरीला नोकरी लागली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

"ओयांगला सांगितलंस?"

"सांगितलं. दादा म्हणाले, खुशाल जा, पण तुझ्या जागी माणूस आणून दे. पाचांतले तिघंच उरलोत. एकीला सातवा महिना आहे. मी अशीच गेले तर रात्रपाळ्या तिच्या गळ्यात पडतील."

"कायद्यानं महिन्याची नोटीस दिली की झालं! तो कोण टिकोजी?"

"त्यांनी माझ्यासाठी साहेबांपुढं मान खाली घातली होती ताई, रजेसाठी. आता मी कायदा दाखवू?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बुक्की मारणारा पुन्हा चांगला माणूस, म्हणजे ओरडायचीही सोय नाही.

त्या वर्षीची सतरा नंबरची मुलगी होती चो यीआन. हुशार, बडबडी, एक्स-रेची सरकारी परीक्षा आधीच पास. तिचा प्रबंध पेइरोंगच्याच रीतीवर, पुढचं पाऊल टाकलेला. पेइरोंग रविवारी येऊन तिला शिकवायची. पदवी हातात पडायला पंधरा दिवस होते, आणि ओयांगनं सतरा नंबरवाल्यांचं जेवण ठरवलं. रविवारी दुपारी, फाटकासमोरच्या हॉटपॉटच्या दुकानात. यादी माझ्याकडे असते म्हणून मलाही बोलावलं.

मध्ये उकळतं भांडं, भोवती आम्ही चौघं. ओयांग सगळ्यांच्या वाट्यात मांस वाढत होता. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं, स्वतः आठवड्यात तीन रात्री करायचा.

"यीआन," तो म्हणाला, "सतरा नंबरची जागा सतरा नंबरलाच जावी. आमच्याकडे ये." आणि पिशवीतून अर्ज काढून तिच्या वाटीशेजारी ठेवला. पेनसुद्धा आणलं होतं.

पोरीचा चेहरा फुलला. "दादा, खरंच? ताईच्या खोलीत?" मग पेइरोंगकडे वळली, "ताई, भिंतीवर तुझे शब्द वाचूनच मी हा कोर्स घेतला. मी माझ्या कामात सुखी आहे. मला पाठ आहे ते."

मांसाचा गोळा माझ्या काड्यांतून निसटून भांड्यात पडला. ते शब्द माझे होते. माझे! सरासरी जपायला मी लिहिलेले.

पेइरोंगनं वाटीत काड्या घातल्या. तिला काही करायचंच नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, आग्रह करायचा नव्हता. नुसतं जेवत राहायचं, की पोरगी सही करणार आणि ही एक तारखेला शिंजूच्या गाडीत. मी मनात म्हणत होते, गप्प बस बये, एकदा तरी स्वतःचं बघ. हो, म्हणत होते. समोरची पोरगी काय कुणाची नव्हती? पण पेइरोंग माझी होती.

यीआननं पेनचं टोपण काढलं.

"तिला जमायचं नाही," पेइरोंग म्हणाली.

ओयांगनं मान वर केली. "का?"

"शिंजूला नोकरी आहे तिला. मी तिचं नाव दिलंय. उद्या मुलाखत."

"मला?" यीआन म्हणाली. "ताई, कुठली नोकरी? मला तर कुणी काही..."

"तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. कमी किरणांची चित्रं, तुझंच काम आहे. प्रबंध घेऊन जा, बाकी मी बोलते त्यांच्याशी." तिनं अर्ज उचलला, घडी घातली आणि ओयांगच्या पिशवीत परत ठेवला. "दादा, माणूस मिळेपर्यंत मी आहे."

ओयांगला सगळं कळलं. त्यानं वाटीत तोंड घातलं. नको म्हणाला नाही. बिलाच्या वेळी मात्र त्यानं कुणाला हात लावू दिला नाही.

बाहेर आल्यावर मी पेइरोंगला कोपऱ्यात घेतलं. "मूर्ख आहेस का गं तू? चार वर्षं वाट बघून?"

"आता फोन करून माझ्याऐवजी तिला घ्या म्हटलं, तर मुलाखत देतील तिला. देतील ना?" ती म्हणाली. "ताई, तिला ती खोली दाखवून मी कुठल्या तोंडानं गेले असते?"

भिंतीवरचा तो कागद मी दुसऱ्या दिवशी काढला. सरांनी विचारलं तर म्हटलं, वाळवी लागली.

इस्पितळाला माणूस मिळाला नाही. कोण मिळणार? आमच्याकडची मुलं हल्ली कंपन्यांत जातात, हे मीच तर त्या गोलात रंगवते.

यंदा ऑगस्टमध्ये एकाच दिवशी दोघींची नावं यादीत आली. यीआनचं पहिलं वर्ष, पेइरोंगचं पाचवं.

यीआन म्हणाली, "पाच लिहा ताई, सहा असेल तर सहा! पेइरोंगताईमुळे झालं. तिला म्हणे ती नोकरी नकोच होती. तिला तिचं काम इतकं आवडतं ना." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणू?

मग पेइरोंगला लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"नोकरी?"

"तीच."

"शिकलात त्यातलीच?"

"तीच."

"समाधान?"

मागं यंत्राची घरघर चालू होती आणि तिचाच आवाज, सात-आठ वर्षांनी लहान, उत्साहानं सांगत होता: आजी, श्वास घ्या. धरून ठेवा. मीही धरला. आवाज म्हणाला, सोडा.

"एक," पेइरोंग म्हणाली. "पण तुम्हाला चार लागतं ना? चार लिहा." मग विचारलं, "पुढचा फोन कधी?"

"पुढचा नसतो गं. पाच वर्षांनंतर विचारत नाहीत."

"हो का," ती म्हणाली. "बरं. पेशंट आलाय, ठेवते हं."

मी एक लिहिला. पहिल्यांदाच तिचा आकडा तिनं सांगितला तसा लिहिला. संगणकानं मुकाट्यानं घेतला, सरासरीत तो कुठं गेला तेही दिसलं नाही. मग मी गोल काढायला घेतला. नोकरी आहे, शिकलात त्यातलीच आहे, म्हणून यीआन आणि पेइरोंग एकाच निळ्या रंगात. सत्त्याण्णव टक्के.